मी बाथरूममध्ये पडले नाही

मी बाथरूममध्ये पडले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण धुळ्यापासून दोंडाईच्यापर्यंत आमच्या गोतावळ्यातल्या निम्म्या लोकांना अजून तसंच वाटतंय. माझ्या डाव्या बाजूच्या दोन बरगड्या गो-कार्टच्या शर्यतीत मोडल्या. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि धुळ्यातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवत होते. अजूनही शिकवते. यातली कुठली गोष्ट लपवण्यासारखी आहे, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

लिहायला बसले ते बरगडी मोडलेल्या माणसांसाठी. हाताला प्लास्टर असलं की लोक बसायला जागा देतात. बरगडीला प्लास्टर नसतं. बाहेरून तुम्ही ठणठणीत दिसता आणि आतून श्वास घ्यायचीसुद्धा धास्ती असते. शिंक येणार असं वाटलं की डोळ्यांत पाणी यायचं, शिंक यायच्या आधीच.

वीतभर उंचीची गाडी

माझ्या सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, मी गो-कार्ट असं समजावलं होतं: छप्पर नाही, दार नाही, स्प्रिंग नाही, बसलं की आपण जमिनीपासून वीतभर वर. अक्का शिंदखेड्याकडच्या. त्यांनी विचारलं, “मंग तिले गाडी कसाले म्हनतस?”

मला तो नाद माझ्या मुलीमुळे लागला. कल्याणीच्या वाढदिवसाला आम्ही महामार्गालगतच्या ट्रॅकवर गेलो होतो. ती एका फेरीत कंटाळली आणि मोबाइल काढून बसली. मी पुन्हा रांगेत उभी राहिले. आयुष्यभर मी मागच्या सीटवर बसून आलेली बाई. आधी वडिलांच्या राजदूतवर, मग नवऱ्याच्या स्कूटरवर, मग त्याच्या कारमध्ये, आणि तिथेही ‘ब्रेक दाबा’ असं म्हणायचीसुद्धा सोय नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ब्रेक माझ्या पायाखाली होता आणि तो मी दाबला नाही. मला इतका आनंद झाला की हेल्मेटच्या आत मी एकटीच हसत होते.

पुढे महिन्यातून एका रविवारी तिथे शर्यती व्हायला लागल्या. कॉलेजची मुलं, एकदोन दुकानदार आणि मी. विलास, माझे मिस्टर, सरकारी कार्यालयात आहेत. ते म्हणायचे, “खेळ गं, पण फोटो टाकू नकोस.”

सोफ्याची उशी

कार्टची सीट म्हणजे कडक प्लास्टिकचा खोलगट वाडगा. पट्टा नसतो. वळणावर तुम्हाला धरून ठेवते ती सीटच. आणि तिथल्या सगळ्या सीटा बसवलेल्या दणकट पुरुषांच्या मापाने. मी काडीपैलवान. दोन्ही बाजूंना हात जाईल इतकी जागा राहायची.

मग मी काय केलं, तर घरातल्या सोफ्याची एक गुबगुबीत उशी नेली आणि डावीकडे खुपसली. ट्रॅक उजवीकडे वळत जायचा, म्हणून प्रत्येक वळणावर अंग डावीकडे फेकलं जायचं. उशी लावल्यावर कसं मऊ मऊ वाटलं. सगळ्यांनी कौतुक केलं, मॅडमनी डोकं लावलं म्हणून.

ते डोकं चुकीच्या जागी लावलं होतं. मऊ उशी दाबली जाते, अंगाला सरकायला जागा मिळते, आणि सरकत आलेली बरगडी सीटच्या कडेवर जाऊन आदळते. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की रविवारनंतर डावी बाजू ठणकते. उसण भरली असेल, असं म्हणून मी बाम चोळायची आणि पुढच्या शर्यतीला परत जायची. बरगडी बोट वर करून सांगत होती, आणि मी वर्गातल्या आगाऊ मुलासारखं तिला खाली बसवत होते.

मग त्या रविवारी शेवटच्या फेरीत मी वळण फार आतून घेतलं. वळणाच्या कडेला असतो त्या लाल-पांढऱ्या उंचवट्यावर चाक चढलं, गाडी उडाली आणि मी सीटच्या कडेवर बरगड्यांनी उतरले. आत कट् असं झालं. आवाज कानाने ऐकला की हाडाने, ते मला आजही सांगता येणार नाही. पण मी थांबले नाही. तिसरी आले. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे कितीतरी दिवस मला हे कोणी विचारलंच नाही.

कारमधला ठराव

हेल्मेट काढायला हात वर गेला नाही तेव्हा ट्रॅकवाल्यांनी विलासना फोन केला. ते आले, मला कारमध्ये बसवलं आणि गाडी सुरू करायच्या आधी म्हणाले, “डॉक्टरांना सांगू, बाथरूममध्ये पाय घसरला.”

“का?” मी विचारलं.

“डॉक्टरांची मेहुणी तुझ्याच शाळेत आहे,” ते म्हणाले. “उद्या स्टाफरूममध्ये तेच चालेल. या वयात बाई गाड्या पळवत होती म्हणून.”

भांडायला श्वास लागतो. तो माझ्याकडे नव्हता. दवाखान्यात विलासनीच सगळं सांगितलं, साबणाच्या वडीसकट. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. मुका मार आहे, दुखणं कमी व्हायच्या गोळ्या घ्या, पडून राहा, असं त्यांनी सांगितलं. मी त्यांना दोष देत नाही. बरगडीची बारीक मोड साध्या एक्स-रेत हुकते, आणि खरं कळलं असतं तर त्यांनी अजून खोलात जाऊन बघितलं असतं. आम्ही त्यांना साबणाची वडी दिली, त्यांनी साबणाच्या वडीचं औषध दिलं.

बाथरूम बघायला आलेले लोक

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जावंच लागतं. नाही गेलं तर ते लग्नापर्यंत लक्षात ठेवलं जातं. त्यामुळे शहाळी, बिस्किटं आणि सफरचंदं घेऊन माणसं यायला लागली. येणारा प्रत्येक जण आधी माझ्या कॉटच्या पायथ्याशी उभा राहायचा आणि मग बाथरूम बघायला जायचा. खरंच. दारात उभे राहून सगळे फरशीकडे बघायचे, पायाने चाचपायचे. “गुळगुळीतच आहे,” म्हणायचे. मग प्रत्येकाच्या ओळखीतलं कोणीतरी असंच पडलेलं असायचं. मी कॉटवर पडून अनोळखी लोकांच्या मोडलेल्या खुब्यांच्या हकिकती ऐकत राहायची.

माझा संताप संताप व्हायचा. दुखणं माझं, ते मी कमावलेलं, आणि त्याचं श्रेय साबणाला.

अक्का मात्र कामाला लागल्या होत्या. कल्याणीच्या वेळी बाळंतपणात त्यांनी माझं पोट ज्या मऊ जुन्या लुगड्याने बांधलं होतं, तसंच एक त्यांनी ट्रंकेतून काढलं. “फासळी दुखस ना? बांधी टाकू. हालनार नही, दुखनार नही.” आणि त्यांनी माझी छाती करकचून बांधली, वरपासून खालपर्यंत. काय सांगू, इतकं बरं वाटलं. त्या रोज संध्याकाळी सोडायच्या आणि पुन्हा बांधायच्या. त्यांच्या हातात माया होती, ती मला कळत होती. दुखणं कमी झालं ते मी श्वासच घेत नव्हते म्हणून, हे मात्र कळत नव्हतं.

आठवड्याभरात ताप चढला. खोकला आला, आणि मोडक्या बरगडीवर खोकला म्हणजे काय ते शत्रूलाही न कळो. जिना सोडाच, कॉटवरून उठून बसले तरी धाप लागायची. एका सकाळी विलास चहा घेऊन आले, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चहा टेबलावर ठेवायच्या ऐवजी खाली सांडला. तासाभरात अक्कांना घेऊन आम्ही जळगावच्या रस्त्याला होतो, तिथे छातीच्या डॉक्टर आहेत असं त्यांच्या एका मित्राने सांगितलं होतं. त्या रस्त्यावरचा एकेक गतिरोधक माझ्या बरगड्यांनी ओळखला. एरवी सुसाट चालवणारे विलास त्या दिवशी बैलगाडीसारखे चालवत होते.

निदान

मला निदानाचा दिवस म्हणून आठवतं ते त्या डॉक्टर बाईंचं टेबल. बाई पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी नर्सकडून छातीवरचं लुगडं सोडवून घेतलं. ते संपतच नव्हतं.

“हे कोणी बांधलं?”

“मी,” अक्का म्हणाल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

डॉक्टरांनी विलासकडे बघितलं. “लागलं कसं?”

“बाथरूममध्ये…” विलासनी सुरुवात केली.

“नाही,” मी म्हणाले. एकेका श्वासाला एकेक शब्द येत होता. “गो-कार्ट. शर्यत. सीटची कड. बरेच दिवस दुखत होतं.”

विलास खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं होतं बाई हसतील किंवा ओरडतील. त्यांनी फक्त पेन खाली ठेवलं. “मग हे आधी का नाही सांगितलंत? एकदा पडणं वेगळं आणि एकाच जागी पुन्हापुन्हा मार बसणं वेगळं.”

सीटी स्कॅनमध्ये दोन बरगड्या मोडलेल्या निघाल्या. एका जागी हाड भरून यायला लागलं होतं, म्हणजे ती आधीच तडकलेली होती. आणि डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया. छाती बांधलेली, श्वास वरवरचा, कफ आत साचत गेलेला. डॉक्टरांनी हे सगळं एका दमात सांगितलं आणि मला ॲडमिट करून घेतलं.

मी घाबरले. इथे शूरपणा दाखवण्यात अर्थ नाही. ऑक्सिजनचा मास्क तोंडावर आला तेव्हा त्या प्लास्टिकच्या वासाने मला हेल्मेटची आठवण झाली आणि मी रडले. आपण पुन्हा कधी हेल्मेट घालू का, एवढाच विचार होता. मरण्याची भीती त्याच्यानंतर आली. माणसाचं मन असं बेशिस्त असतं, त्याला काही इलाज नाही.

तीन चेंडू

हॉस्पिटलचा दिवस इंजेक्शनने सुरू व्हायचा आणि तीन चेंडूंवर येऊन थांबायचा. एक प्लास्टिकचं खेळण्यासारखं यंत्र असतं, तीन नळ्यांत तीन चेंडू. नळीतून श्वास आत ओढला की चेंडू वर जातात. तिसरा चेंडू वर गेला की फुप्फुस नीट उघडलं असं समजायचं. माझा पहिलाच हलेना. मी जिल्हा पातळीवर वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली बाई, आणि मला एक प्लास्टिकचा चेंडू उचलता येत नव्हता.

व्यायाम करून घेणारी मुलगी म्हणायची, “मॅडम, जोरात नाही. लांब ओढा.” खोकायचं असेल तेव्हा उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं, हेही तिनेच शिकवलं. उशीचा खरा उपयोग मला असा उशिरा कळला. चेंडू ओढताना बरगडी कळवळायची. मी चेंडूला मनातल्या मनात शिव्या द्यायची आणि पुन्हा ओढायची. मला घरी जायचं नव्हतं, ट्रॅकवर जायचं होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही, पण चेंडूला ठाऊक होतं.

शेजारच्या कॉटवर बोदवडच्या लीलाबाई होत्या. घरची केळीची बाग, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं, आणि बोलण्याची प्रचंड हौस. “काय झालं तुमाले?” त्यांनी विचारलं. मी दम घेऊन सगळं सांगितलं, ट्रॅक, उशी, शेवटचं वळण. मला वाटलं आता ‘या वयात’ येणार.

लीलाबाई कोपरावर जरा वर झाल्या. “मंग, नंबर कितवा आला?”

“तिसरा.”

“किती गाड्या व्हत्या?”

“दहा.”

“मंग चांगलाच आला की,” त्या म्हणाल्या आणि परत आडव्या झाल्या. मला हसू आलं, हसण्याने बरगडीत कळ गेली, आणि त्या कळेचंही काही वाटलं नाही. इतक्या लोकांचं माझ्याशी बोलून झालं होतं, पण मी आजारी पडायच्या आधी काय करत होते ते विचारणारी ही पहिली बाई.

त्या दुपारी अक्का स्टुलावर बसून ते लुगडं घडी करत होत्या, मोडत होत्या, परत घडी करत होत्या. शेवटी म्हणाल्या, “मी बांधं म्हनीसन व्हयनं का हाई बठ्ठं?”

हे सगळं त्यांच्या बांधण्यामुळे झालं नाही, असं खोटं बोलणं सोपं होतं. पण खोट्यामुळेच तर मी तिथे होते. “बांधलं ते चुकलं, अक्का,” मी म्हणाले. “पण खरं सांगितलं असतं तर डॉक्टरांनीच तुम्हाला बांधू दिलं नसतं. मला तुमचा राग नाही.” अक्कांनी मान हलवली. घरी गेल्यावर त्यांनी त्या लुगड्याची फरशी पुसायची फडकी केली.

नवी फरशी

डिस्चार्ज मिळाला. घरी आले, हात धुवायला गेले आणि बाथरूमच्या दारातच थबकले. फरशी नवी होती. खरखरीत, पाय न घसरणारी. भिंतीला धरायला स्टीलची दांडी बसवलेली, चकचकीत.

“हे काय?” मी विचारलं.

“लोक येतात,” विलास म्हणाले. “विचारतात, काही केलंत का म्हणून.”

मी मटकन खाली बसले आणि हसत सुटले. हसणं म्हणजे शिक्षाच होती, पण थांबता येईना. ज्या बाथरूमने माझ्या केसालाही धक्का लावला नाही, त्याला बिचाऱ्याला आमच्या नवऱ्याने दोषी ठरवून खोदून काढलं होतं. विलासना हसू आलं नाही. ते म्हणाले, “झालं ते झालं. आता पुन्हा त्या ट्रॅकवर पाय ठेवायचा नाही.”

“ठेवणार,” मी म्हणाले.

“तुझे ओठ निळे पडले होते. तू बघितले नाहीस, मी बघितलेत.” त्यांचा आवाज फाटला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांना मी असं कधी ऐकलं नव्हतं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

“अहो, मला गाडीने मारलं नव्हतं,” मी म्हणाले. “बरगडी मोडली ती गाडीने. जीव घेत होती ती तुमची साबणाची वडी. तुम्हाला माझी काळजी आहे ना, मग माझ्याबरोबर या आणि सीट घट्ट आहे का ते बघा. पण मी काय करते ते लोकांपासून लपवायचं असेल, तर तुम्ही माझी नाही, तुमची काळजी घेताय.” ते बाहेर गेले. चार दिवस आमच्या घरात फक्त भाजीपुरतं बोलणं चाललं होतं. मी चेंडू ओढत राहिले. तिसरा चेंडू वर जाऊन ठाण मांडून बसला तेव्हा घरात कोणी नव्हतं, म्हणून मी स्वतःच टाळ्या वाजवल्या.

ज्यांना बसायचंच आहे त्यांच्यासाठी

जळगावच्या डॉक्टरांनी हाड भरल्याचं बघून, बाजू दाबून, मला उड्या मारायला लावून परवानगी दिली. तीही अटींवर. त्या अटी तुम्हालाही सांगते. मी काही प्रशिक्षक नाही, फक्त मोडून बघितलेली आहे.

सीट अंगाला चोपून बसली पाहिजे, कमरेला आणि बाजूंना. मोठी असेल तर आत घट्ट, कडक भर बसवून घ्या, सोफ्याची उशी सोफ्यावर राहू द्या. रिब प्रोटेक्टर म्हणून एक जाकीट मिळतं, बाहेरून टणक आणि आतून अस्तराचं. ते घातल्याशिवाय बसू नका. माझं पहिलं जाकीट पुरुषी मापाचं निघालं, ते वर सरकून हनुवटीला लागायचं, परत केलं. नीट बसलेलं जाकीट हलत नाही आणि श्वास अडवत नाही. ते घालून पोटभर श्वास घेता आला पाहिजे. उंचवट्यावर चाक चढवून वेळ वाचवायचा मोह होतो, तो सोडा. आणि दुखलं तर उतरा. बाम चोळून परत बसणं याला धाडस म्हणत नाहीत.

मोडलीच, तर बांधू नका. कोणी कितीही मायेने बांधत असलं तरी नको म्हणा. आणि डॉक्टरांना खरं सांगा. लाज वाटली तर वाटू द्या, ती न्यूमोनियापेक्षा बरी.

लोक विचारतात, या वयात कशाला? मला उलट विचारावंसं वाटतं, मग कोणत्या वयात? विशीत मला कोणी विचारलं नव्हतं, तिशीत मला सवड नव्हती. आता दोन्ही आहे, तर म्हणे बरगड्या जपा. जपते ना. घरी बसून जपण्यापेक्षा जाकीट घालून जपते.

परतीच्या पहिल्या रविवारी विलास आले होते. ट्रॅककडे पाठ करून चहाच्या टपरीवर उभे राहिले, पण उभे राहिले. मी सहावी आले.

मामी

परवा दोंडाईच्याहून मामेसासूबाई आल्या. मी आजारी असताना त्यांना यायला जमलं नव्हतं, म्हणून आता उशिराची भेट. चहा झाला. विलास समोर पेपर वाचत होते, अक्का पलंगावर गहू निवडत होत्या. मामी रीतीप्रमाणे उठल्या आणि बाथरूम बघायला गेल्या.

त्या लगेच बाहेर आल्या. “अगं, त्या दांडीवर काय वाळत घातलंय? ते कडक, काळं? कमरेचा पट्टा आहे का?”

रविवारचं माझं जाकीट होतं. घामाने भिजतं, धुऊन वाळत घालावं लागतं, आणि सगळ्या घरात त्या दांडीइतकी सोयीची जागा नाही. विलासनी पेपर जरा खाली केला. त्यांचं तोंड उघडलं, आणि मी श्वास रोखून धरला.

पण बोलल्या अक्का. सुपातून नजर न उचलता. “पट्टा नही वं तो. मन्ही सून शर्यतमा गाडी पळाडस. तठेच तिनी फासळी मोडनी. आते ते घालीसन जास.”

मामी एकदा माझ्याकडे आणि एकदा विलासकडे बघत राहिल्या. “मग ती फरशी? विलासने फोनवर सांगितलं होतं, बाथरूममध्ये पडली म्हणून फरशी बदलली.”

विलासनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. अक्कांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

“ती मन्हासाठी शे,” अक्का म्हणाल्या. “माले पडानी भीती वाटस. तिले नही वाटत.”